हिरवट काचा

(१९९६. कर्जतजवळचं खेडं, दुपार. ओट्यावर सहा छोट्या काचा वाळत घातलेल्या.)

यशोधरा : आई, माझ्या डबीतल्या काचा तू घासल्यास?

भामाबाई : व्हय, राखेनं. बघ कशा लख्ख झाल्यात. एका अंगानं पार शेवाळ धरलं हुतं.

यशोधरा : शेवाळ नव्हतं गं ते!

भामाबाई : हिरवं हुतं की.

यशोधरा : हिरवंच असतं. मी चढवलेला थर होता तो. त्यातून ऊनही आत जातं आणि वीजही वाहते. असा थर दिलेली परदेशी काच लई महाग, म्हणून हा थर मी स्वतः करत होते. तो जमायला चार महिने लागले.

भामाबाई : अगं बया! मग आता?

यशोधरा : सोमवारी लॅबमधले सर त्यातून वीज किती वाहते ते मोजून बघणार होते. बऱ्या निघाल्या तरच पुढं काम करू देणार.

भामाबाई : मग हिकडं कशाला आनल्यास?

यशोधरा : तुला दाखवायला. दर खेपेला विचारतेस ना, पुण्यात काय करतेस म्हणून.

भामाबाई : पुन्ना न्हाई का लावता येत?

यशोधरा : येईल. आता रीत जमलीय. तीनच्या गाडीनं गेले तर सोमवारपर्यंत होतील.

भामाबाई : आजच? आईतवारपातूर ऱ्हानार हुतीस.

यशोधरा : होते ना! डबीला हात कशाला लावलास तू?

भामाबाई : तू झोपल्याली. म्हनलं, पोरीचं कायतरी काम करावं. तुजं शिक्षान मला कळत न्हाई, घासायचं कळतं. ह्ये गेल्यापासनं एक ताट, एक तांब्या. ते घासलं तरी दिस तसाच उरतो.

यशोधरा : रडू नको गं. मीच आधी सांगायला हवं होतं.

भामाबाई : तू कवा काय सांगतीस?

यशोधरा : तिथं तरी कुणाला सांगते? लॅबमध्ये सगळे आपापल्या कामात. डबासुद्धा एकटीच खाते मी.

भामाबाई : तू बी?

यशोधरा : हो. लई आठवण येते तुझी.

भामाबाई : मग ऱ्हा की दोन दिस.

यशोधरा : नाही जमणार, आई. खरंच नाही.

भामाबाई : बरं. ऊठ, गाडी चुकंल. पोचलीस की कानिफनाथच्या दुकानावर फोन कर.

यशोधरा : तो तुला बोलवायला येणार, तू धापा टाकत जाणार. आणि बोलू काय?

भामाबाई : काय बी नको बोलूस. नुसती हाक मार. हितं मला दिसभर कुनी हाक मारीत न्हाई.