न टाकलेलं मीठ

(स्वयंपाकघर. शेगडीवर भाजी शिजते आहे. ओट्यावर मिठाचा डबा, शेजारी नर्सने आणलेला वजनकाटा.)

वहिनी : ह्यांचं तोंड वाकडं झालं त्या दिवसापासून मिठाचा कण नाही घातला, सिस्टर. दोन महिने झाले. आत्ताही तुमच्यासमोरच भाजी टाकली ना? घातलं का मी?

नर्स : तुम्हाला काय वाटतं?

वहिनी : वाटायचंय काय त्यात? नाही घातलं.

नर्स : मघाशी डबा बरोबर पाचशे ग्रॅम भरला होता. आता ठेवा बघू काट्यावर.

वहिनी : चारशे ब्याऐंशी... काटा बिघडलाय तुमचा.

नर्स : चार वेळा हात गेला डब्यात. फोडणीत एकदा, पाणी ओतलंत तेव्हा, झाकण काढून परत, आणि एकदा दादांच्या तब्येतीचं सांगता सांगता.

वहिनी : उगाच काहीतरी बोलू नका हं. डोळ्यांत तेल घालून जपतेय मी त्यांना.

नर्स : ते दिसतंय मला. पण त्यांच्या लघवीच्या तपासणीत मीठ पूर्वीइतकंच निघालंय. आणि तुम्ही एकट्या नाही. या गल्लीतल्या एकोणीस घरांत अशीच बसून आलेय मी. एकोणीस जणी शपथेवर सांगतात, घातलं नाही म्हणून.

वहिनी : मग?

नर्स : एकोणीस डबे हलके झाले. वहिनी, पन्नाशी ओलांडलेले पुरुष किती आहेत हो तुमच्या गल्लीत?

वहिनी : सासरे एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. समोरचे काका त्याच्याही आधी. नंतर... थांबा, आठवते. नाही हो, कुणीच नाही. इथल्या पुरुषांना आयुष्यच कमी, असं धरून चालतो आम्ही.

नर्स : आणि दादा?

वहिनी : अठ्ठेचाळीस पूर्ण झाली. सिस्टर, सासऱ्यांना शेवटची सहा वर्षं याच हाताने करून घातलं मी. मला भीती वाटतेय माझीच.

नर्स : मुद्दाम नाही केलंत तुम्ही. हाताला वळणच पडलंय तसं. डबा मी घेऊन जाते.

वहिनी : न्या. पोरगी शाळेतून यायच्या आत न्या.

नर्स : तिचं काय?

वहिनी : काल पहिल्यांदाच तिने भाजी केली. मी बाहेर कपडे वाळत घालत होते, एका शब्दाने शिकवलं नव्हतं. हे बोटं चाटत जेवले. मला म्हणाले, अगदी तुझ्या हातची चव.

नर्स : मीठ घातलं होतं तिने?

वहिनी : मी विचारलं. नाही म्हणाली.