दारातला हरवलेला श्वास

सन्माननीय अध्यक्ष परशुरामशेठ, व्यासपीठावरचे आदरणीय फादर, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे गुरू बेनेडिक्ट मास्तर, पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या कन्या व आपल्या शाळेच्या शिवणबाई सेलेस्टिन, आणि राई, मुर्धे, गोडदेवपासून उन्हातून पायपीट करत उत्तनला आलेल्या बंधुभगिनींनो,

गेल्या दिवाळीच्या सुटीत एका दुपारी मास्तरांनी आपल्या ओटीवरून मला ‘फोरा’ म्हटलं, आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं.

हसा. तुमच्या जागी असतो तर मीही हसलो असतो. मास्तरांच्या हाताखालून गेलेला आणि हा शब्द न ऐकलेला असा इथं कोण आहे? गृहपाठ नसला की फोरा. अंगणात कुत्रं शिरलं की फोरा. पोर्तुगीजांची सत्ता गेली, त्यांचे किल्ले ढासळले, पण त्यांचा हा एवढा शब्द मास्तरांच्या जिभेवर शाबूत राहिला. बाहेर हो, इतकाच त्याचा अर्थ.

लढाईतल्या कागदाच्या टंचाईमुळे मानपत्र छापता आलं नाही, म्हणून ते तोंडी सांगण्याचं काम आपल्या वाचनालयानं माझ्यावर सोपवलंय. उद्या मास्तर लेकीला घेऊन थोरल्या चिरंजीवांकडे, कराचीला, कायमचे जाताहेत. तेव्हा जे सांगायचं ते आजच सांगायला हवं.

मास्तर तरुणपणी पाद्री व्हायला निघाले होते, त्या शिक्षणात ते लॅटिन शिकले. मी मुंबईला कॉलेजात संस्कृत घेतलं. सुटी लागली की मी गोडदेवहून चालत यायचो आणि त्यांच्या ओटीवर आमचा शब्दांचा खेळ मांडला जायचा. मी म्हणायचं ‘धूम’, मास्तर म्हणायचे ‘फूमुस’. आत चुलीशी खोकत असलेल्या सेलेस्टिनबाई एकदा म्हणाल्या, “तुमच्या दोघांच्या धुरात फरक काय हाय? डोले तर माझेच चुरचुरतात.”

मास्तरांनी समजावलं होतं, संस्कृत आणि लॅटिन या बहिणी. त्यांची आई फार जुनी, तिनं लिहिलेलं एक अक्षर कुठं उरलेलं नाही. लेकींचे चेहरे शेजारी शेजारी धरायचे आणि त्यांवरून आईचा चेहरा ओळखायचा. शब्दाच्या आरंभी संस्कृत जिथं ‘ध’ म्हणते, तिथं लॅटिन ‘फ’ म्हणते. धूम आणि फूमुस, एकाच चुलीचा धूर.

असंच एकदा त्यांनी ओटीच्या दारावर थाप मारली. हे आपलं दार, संस्कृत द्वार, इंग्रजी डोअर. लॅटिनमध्ये दाराला म्हणतात फोरिस. दाराबाहेर ते फोरास, आणि त्याचंच पोर्तुगीज रूप फोरा. मी विचारलं, मग तुमच्या नियमानं संस्कृतात ‘ध्वार’ हवं होतं, ‘ध’मधला ‘ह’, तो श्वास, कुठं गेला? मास्तर इतके खूश झाले की त्यांनी मला तपकीर देऊ केली. म्हणाले, काही विद्वानांचा तर्क असा की दाराला कवाडं दोन, म्हणून ‘द्वि’ या शब्दाशी त्याची सलगी झाली, आणि त्या सलगीत बिचाऱ्याचा श्वास गेला.

दोनाच्या सलगीत श्वास जातो. मला तेव्हा तो नुसता व्याकरणाचा नियम वाटला.

आता ती दुपार. मी ‘दुहिता’ हा शब्द घेऊन आलो होतो. इंग्रजीत तो डॉटर म्हणून आहे, ग्रीकात आहे, लॅटिनमध्ये मात्र मला सापडेना. मास्तर म्हणाले, लॅटिननं तो टाकला आणि लेकीसाठी दुसराच शब्द घेतला. माझ्या तोंडून निघून गेलं, “लॅटिननं टाकली असेल, मास्तर. तुमची दुहिता मला द्या.”

अध्यक्षमहाराज, घंटीवरचा हात जरा काढा. मानपत्र संपतच आलंय.

आत कुणीतरी हसलं. मला तेवढं पुरलं, मी बोलतच सुटलो. शब्द जर एका आईचे, तर माझा देव आणि तुमचा देव यांच्यात एवढी भिंत कशाला? मास्तर अगदी शांतपणे म्हणाले, “लीलाधर, शब्द एका आईचे असतात म्हणून माणसं एका घरात राहत नाहीत.” मग ते उठले, दारात उभे राहिले, आणि त्यांनी तो शब्द उच्चारला. आतून सेलेस्टिनबाईंचा आवाज आला, “पापा, भर उन्हाचा चालून आलाय तो. पानी तरी पिऊ दे.”

पाणी आलं नाही. दार लागलं.

सुटी संपल्यावर कॉलेजात एका श्लोकात ‘द्वार’ शब्द आला आणि मी वर्गातून उठलो, तो परत गेलोच नाही. ‘चले जाव’च्या ऑगस्टनंतर पुष्कळांनी कॉलेज सोडलं, त्यामुळे माझ्याही गळ्यात गावानं देशभक्तीचा हार घातला. तो मी आज सर्वांसमक्ष उतरवून ठेवतो. आमचे अध्यक्षमहाराज एवढे एकच, ज्यांना खरं कळलं. ते मला म्हणाले, “अरे शहाण्या, एका आईची लेकरं असाल तर लग्न कसं लागणार तुमचं?” त्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

पण मास्तर, दुसरं एक सुचलंय, आणि ते तुम्हीच शिकवलेलं आहे. फोरा या शब्दाच्या पोटात दार आहे. नुसतं ‘चालता हो’ असं तो शब्द म्हणतच नाही. ज्याला फोरा म्हटलं, तो बाहेर खरा, पण दाराशी. दिवाळीपासून मी तिथंच उभा आहे. घरी आई जेवायला हाक मारते, मी तिथंच. शेजारी वेडा म्हणतात, मी तिथंच. तुमचं उत्तर मला मिळालंय, ते पुन्हा मागत नाही. ज्या हसल्या त्यांचं उत्तर मिळालेलं नाही. ते हसू कीव होती की कबुली, एवढंच मला कळू द्या. नाही असेल तर नाही म्हणा. पण हे न कळता तुम्ही उद्या कराचीला गेलात, तर मी काय करीन हे माझं मलाच माहीत नाही.

फादरांनी आजच्यासाठी शाळेचं दालन दिलं, भगिनींनी सकाळपासून खपून ते सजवलं, आणि आपण सगळ्यांनी माझी ही बडबड ऐकून घेतली, त्याबद्दल वाचनालयाच्या वतीनं मी आपला ऋणी आहे. माझ्या उच्चारांत काही चुकलं असेल तर मास्तरांनी, आणि औचित्यात चुकलं असेल तर इतरांनी पोटात घालावं. एका व्यक्तीचं नाव केवळ मानापुरतं एकदाच घ्यायचं मी ठरवलं होतं, ते पुन्हा पुन्हा आलं. त्या व्यक्तीनं मला क्षमा करावी. नच केली तर तेही मला सांगावं.

मास्तर, तुम्ही उठू नका. या खेपेला तो शब्द मीच म्हणतो.

फोरा.

हे मी दालनाच्या उंबरठ्यावरून बोलतोय. बाहेर ऊन आहे, आणि मला तहान लागलीय. दोन्ही कवाडं माझ्या हातांनी बाहेरून मिटून घेतोय. कडी आतल्या अंगाला आहे.