भाषण संपेपर्यंत टिकायचा पाइप

आदरणीय अध्यक्ष महोदय; उद्या आमचे पाइप नेणार म्हणून आज प्रमुख पाहुणे झालेले गॅस कंपनीचे साहेब; आज निवृत्त होणाऱ्या आमच्या चाचणी विभागाच्या प्रमुख ताई; जमलेली मंडळी; आणि माझ्या शेजारी पाण्याने गच्च भरून, दाब देऊन ठेवलेला हा पाइप!

पाइपाला नमस्कार कशाला, असं वाटलं ना? सांगतो. पोलादाचा पत्रा एकाच दिशेनं लाटतात, म्हणून त्यात लाकडासारख्या, पाइपाच्या लांबीत जाणाऱ्या उभ्या शिरा पडतात. शिरा तोडायला घाम फुटतो. शिरांच्या बाजूनं मात्र तो फटकन चिरतो. आणि आतला दाब पाइपाला नेमका लांबीतच फाडतो. म्हणून ताई म्हणतात, चाचणीचा तुकडा शिरांना आडवा कापा. आमचे फोरमन, म्हणजे माझे मेहुणे, उभा कापतात. उभ्या तुकड्यात शिरा तोडाव्या लागतात, म्हणून तो हमखास पास होतो. मेहुण्यांना पास होण्याची भारी हौस; शाळेत ती पुरवता आली नाही.

या मालाचा आडवा तुकडा काल काचेसारखा तुटला. ताईंनी माल पाठवायच्या कागदावर सही नाकारली. मी मालक, म्हटलं, "ताई, जाता जाता तरी गोड बोला!" त्या म्हणाल्या, "गॅसचा असतो तेवढा दाब पाण्याचा द्या नि पाइप मंचावर ठेवा. तुमचं भाषण संपेपर्यंत टिकला तर सही करते. तुमची भाषणं मी ऐकली आहेत."

बघा, मेहुणे खुणावताहेत, "दाजी, आटपा!" आटपतो. तर ताईंच्या प्रदीर्घ सेवेबद्दल...

टिक्‌ झालं. ऐकलंत? नाही? माझे कान यंत्रांच्या गोंगाटात तयार झालेत. ताईंनीही ऐकलंय. छताखाली छत्री कशाला आणली, ते आत्ता कळलं. उघडलीसुद्धा!

आता नुसतं 'धन्यवाद' म्हटलं की सही माझी. पण साहेब, पाण्याची चीर वीतभर धावून दमते. पाणी सुटलं की दाब पडतो. गॅस दमत नाही. तो चिरेला हाकलत नेतो, आणि जमिनीखालच्या त्या पाइपाच्या वर लोकांची घरं असतात.

मेहुणे, खाली बसा. ताईंबद्दल मला अजून पुष्कळ बोलायचंय. त्या कारखान्यात आल्या, त्या दिवशी...

अरे बाप रे! फाटला! लांबीतच! अध्यक्ष महोदय, खुर्चीवरून उतरा, पाणीच आहे. साहेब, रुमाल घ्या. माल मात्र उद्या मिळायचा नाही. ताई, छत्री जरा इकडे सरकवा.

आपण भिजत का होईना ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर माफी मी मागतो. कपड्यांची भरपाई मेहुण्यांकडून घ्या.