डाव्या हाताचं वळण

...तर त्या दिवशीही मी हेच करत होते बघ — तंबाखूच्या पानांवर पाणी शिंपडत बसले होते, आमचे हे, सेवेरीनो, बैल घेऊन शेतावर गेले होते, चुलीवर कॉफी होती — आणि निएवेस आली, शेजारची, कुंपणापाशीच थांबली आणि म्हणाली, पोरांची होडी बुडाली, फ्लोरिडाला पोचलीच नाही, कुणी वाचलं नाही. मी म्हटलं, आत ये, कॉफी घे. दुसरं काय म्हणणार? — नाही नाही, एवढं आवळू नकोस. घरी एकटा वळायला बसलास की पहिली चूक हीच होणार तुझी. आवळलेल्या सिगारमधून श्वास जात नाही. माणूस ओढत राहतो, गाल बसतात, धूर काही येत नाही. पान असं चुणून घे, हवेला वाट ठेव. जहाल पान मधे, मवाळ बाहेर. हं, आता बरं. बोटं का मागे घेतोस रे? सुरी तर माझ्याकडे आहे.

युनिएल, माझा मुलगा, लहान असल्यापासून याच वळायच्या फळीपुढे बसायचा. डावखुरा. ओरडून पाहिलं, चिडवून पाहिलं — बाप म्हणायचा, याचे सिगार आरशात बघून ओढावे लागतील — पण हात काही बदलला नाही. म्हणजे कसं, वरचं पान आपण ज्या अंगाने गुंडाळतो ना, तो बरोबर त्याच्या उलट गुंडाळायचा. टोकाला बारीक शेपटी पिळायचा, तीही उलटीच. — तुझ्या खिशातला तो दे बघू. नमुना म्हणून. दे ना, आल्यापासून त्याच्यावर हात ठेवून बसलायस, छातीत दुखतंय की काय? — हं.

कोरडा आहे. समुद्राचं पाणी लागलेलं नाही याला. हवानाच्या बाजारात घेतला म्हणालास — म्हणालास ना मघाशी? बाजारात असला मिळत नाही, बाळा. हा त्याने निघायच्या आदल्या दिवशी वळला, इथे, तू बसलायस तिथे बसून, आणि बाकीच्यांबरोबर मी केळीच्या पानात बांधून दिला. म्हटलं, वाटेत वाटत सुटू नकोस. तर म्हणाला, आई, ज्याच्यावर भरवसा आहे त्यालाच देईन एखादा.

बस. उठू नकोस. मी आवाज तरी चढवलाय का? निएवेस म्हणते, किनाऱ्यावरच्यांनी पाहिलं, होडीवाला ऐन वेळी चढलाच नाही. पोरांना म्हणाला, सरळ उत्तर धरा, मी मागच्या होडीने येतो. आणि सुकाणू दिलं कुणाच्या हातात? — माझ्या मुलाच्या, ज्याने उभ्या जन्मात फक्त बैल हाकले. तुझं नाव मी विचारलेलं नाही. सांगूही नकोस, नाव कळलं की मला काहीतरी करावं लागेल. सिगार वळायला शिकायचंय म्हणून दारात उभा राहिलास, मी ये म्हटलं, फळी पुढे केली. एवढंच सांग — तो घाबरला होता का?

मान डोलावलीस. म्हणजे घाबरला होता. आणि तरी सुकाणू दिलंस.

थांब. ऐकलंस? — बैल आले. डोळे पूस. ते अर्धवट पान ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव, वाळेल नाहीतर. हा सिगार माझ्याकडे राहील. मागच्या दाराने जा, आणि वाटेत ते भेटलेच तर म्हण, सिगार शिकायला आलो होतो, बाकी एक शब्द नको. उद्या याच वेळी ये — येशील तू, आज आलास तसाच येशील, कुठे जाणार आहेस? निघ आता. त्यांना वाटतंय पोरगा तिकडे पोचला, कामाच्या शोधात असेल, म्हणून फोन नाही. निएवेसला मी गप्प बसवलंय. युनिएल बुडाला, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.