उसवलेली टिचबटणं

सन्माननीय अध्यक्ष सुकदेव आबा, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण देवपुरातल्या या सभागृहात जमलो ते पितांबर भाऊ शिंपी, सौ. प्रमिलावहिनी, आमच्या मंडळाचे जुने गडी, तिसऱ्या रांगेत बसलेल्या ताईबाई पाटील, आणि बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. इतिहासाच्या मास्तराला पाच मिनिटांत सनावळीसुद्धा पुरत नाही. तेव्हा आबा, थोडा जास्त वेळ घेईन, सांभाळून घ्या.

नव्या मंडळींसाठी आधी सांगतो. १९७९ पासून आम्ही काही जण दर मार्चमध्ये सोनगीरच्या किल्ल्यावर जुन्या काळचा एक दिवस उभा करत होतो. नाटक नव्हे. किल्लेदार, कारकून, पहारेकरी व्हायचं आणि सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत तसंच राहायचं, तसंच जेवायचं, तसेच कपडे घालायचे. हौस म्हणा, खूळ म्हणा. आमच्या घरी दुसरा शब्द चालायचा.

कपडे पितांबर भाऊंचे. हा माणूस माझ्याबरोबर एस.टी.ने गावोगाव फिरला. कुणाच्या पणजोबांचा अंगरखा पेटीत असल्याचं कळलं की भाऊ जाऊन त्याचे टाके मोजायचे, वर्तमानपत्रावर माप उतरवून घ्यायचे. यंत्राची शिवण दिसू नये म्हणून वरचे टाके हाताने घालायचे. असा शिंपी धुळ्यात दुसरा होता का? मला तरी माहीत नाही.

आणि मी काय करत होतो? मी चुका काढत होतो. किल्ल्याच्या पायथ्याशी सगळ्यांची घड्याळं काढून घ्यायचो. एका वर्षी भाईदास तात्यांचा चष्मासुद्धा काढायला लावला. ते बिचारे बसत बसत पायऱ्या उतरले. हसा, तेव्हा मीही हसलो होतो. माझा हट्ट कुठवर जाईल हे त्याच दिवशी कुणीतरी ओळखायला हवं होतं.

१९८६ साली किल्लेदार झाले होते झुलाल पाटील, ताईबाईंचे मालक. त्यांच्यासाठी भाऊंनी कापूस भरलेली बंडी शिवली. जुन्या काळी तलवारीचा वार झेलायला अशी बंडी घालत. आपल्याच शिवारातला कापूस, पिंजून, तीन बोटं जाड भरलेला. बाजूला बांधायला सहा बंद. पण भाऊंनी ते बंद नुसते दिसायला ठेवले होते. प्रत्येकाखाली एक टिचबटण लावलं होतं. एक हिसका दिला की बंडी उघडली.

ते मला सकाळी किल्ल्यावर दिसलं. सगळ्यांसमोर मी भाऊंना विचारलं, दोनशे वर्षांपूर्वी टिचबटण होतं का? सगळ्या मेहनतीची माती केलीत, असंही म्हणालो. भाऊ हळूच म्हणाले, "सर, आंगमा बठ्ठा कापूस शे. घाईमा गाठ सुटत नही."

मी ऐकलं नाही. बटणं निघतील, नाहीतर बंडी चढणार नाही, असं बजावलं. भाऊंनी पातं काढलं आणि सहाच्या सहा बटणं उसवली. मग त्यांची हत्यारांची पिशवी मी खाली पायथ्याशी पाठवून दिली. नव्या काळची कात्री किल्ल्यावर नको ना! बंद मी स्वतःच्या हाताने बांधले. पेपरचा फोटोग्राफर येणार होता, बंद लोंबायला नकोत म्हणून दुहेरी गाठी मारल्या.

दुपारी तीनला आम्ही उखळी उडवली, जत्रेत उडवतात तशी, दारू ठासून. तिची ठिणगी बंडीवर पडली. कापूस लगेच भडकत नाही, आत धुमसत राहतो. झुलाल भाऊंना उन्हाचा तडाखा वाटला. गळ्यापाशी धूर दिसला तेव्हा आम्ही धावलो आणि बंद ओढले. ओढले तशा गाठी आणखी आवळल्या. आमच्याकडे अकरा तलवारी होत्या. एकीलाही धार नव्हती. शेवटी पितांबर भाऊंनी जळत्या बंडीत हात घालून, दातांनी गाठी तोडल्या. झुलाल भाऊ चौथ्या दिवशी दवाखान्यातच वारले.

पोलिसांनी जबाब घेतले. मी शिकलेला माणूस, माझा जबाब मीच लिहून दिला. त्यात लिहिलं की शिंप्याने कपड्यात सोडण्याची सोय ठेवली नव्हती. टिचबटणांचा उल्लेख केला नाही. भाऊंना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की, शिवनारा मीच शे. अपघात म्हणून कागद बंद झाले. पण गावाने कागद बंद केले नाहीत. ज्याच्या कपड्यात माणूस जळाला त्याच्याकडे नवरदेवाचा पोशाख कोण टाकणार? लग्नसराईत ज्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची तिथे भाऊ आठ वर्षं उशांचे अभ्रे शिवत बसले. आज दुकान बंद करून ते लेकीकडे सुरतेला चाललेत. आपण त्याला निवृत्ती म्हणतोय. मानपत्रात तोच शब्द मी लिहिला आहे.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, तुम्ही खरं का सांगितलं नाही? मला वाटलं होतं, आता शिव्या देतील. ते म्हणाले, "सर, उसवनारा हात मनाच व्हता. मी नही म्हनाले पाहिजे व्हतं." म्हणजे, उसवणारा हात माझाच होता, मीच नाही म्हणायला हवं होतं.

मंडळी, ज्या माणसाने नको नको म्हणत माझं ऐकलं, तो आठ वर्षं स्वतःला गुन्हेगार समजत राहिला. आणि ज्याने ऐकवलं, तो शाळेत इतिहास शिकवत राहिला. मुलांना सांगत राहिला की पुराव्याशिवाय बोलू नये. मला माझी शरम वाटते.

ताईबाई, तुम्ही आठ वर्षं पितांबर भाऊंच्या दुकानावरून तोंड फिरवून गेलात. तोंड माझ्या दारावरून फिरवायचं होतं. तुमच्या घरी मी दर वर्षी दिवाळीला फराळ घेऊन आलो, तुम्ही मला बसायला पाट दिलात. तो पाट माझा नव्हता.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. भाषण लांबलं, शब्द कमीजास्त झाले, तेवढ्यापुरती माफी आपल्याकडे मागतो. बाकीची माफी इथे मागण्यासारखी नाही.

माझा तेव्हाचा जबाब खोटा होता, असा अर्ज मी लिहून आणला आहे. उद्या सकाळी तो पोलीस ठाण्यात देणार. बटणं कुणाच्या सांगण्यावरून निघाली हे त्या दिवशी किल्ल्यावर असलेल्या प्रत्येकाने ऐकलं होतं. तुमच्यापैकी नऊ जण आज या सभागृहात आहेत. अर्जाखाली साक्षीदारांच्या सहीसाठी जागा सोडली आहे. मी पेन उघडून इथेच बसतो.