पासिंगचे ब्रेक

नाही नाही साहेब, तिथून काही दिसायचं नाही तुम्हाला, इकडे या, या स्टुलावर बसा — थांबा, फडकं टाकते, ग्रीस आहे त्यावर — हां, आता बघा. पुढचं चाक मी उचलूनच ठेवलंय. तुम्ही विचारत होतात ना, या गाडीला हेच ब्रेक का? सांगते की. लोकांना वाटतं, पायडल आहे म्हणजे सायकलच, मग सायकलचे ब्रेक का नाही चालणार? कसे चालतील? सायकल माणूस ओढतो, आणि माणूस दमतो. मोटार दमत नाही. तीन हजार वॅटची आहे, तुमच्या पासिंगच्या कागदावर लिहिलीय तेवढीच, एक वॅट जास्त नाही. बॅटरी धरून गाडी पंचेचाळीस किलो, वर बसणारी पंचावन्न, मागे पेटी — हे सगळं लटांबर उतारावर साठच्या वेगाने सुटलं की थांबवायचं कोणी? दोन बोटांनी. म्हणून ऑइलचे ब्रेक. वायरचे मी लावतच नाही असल्या गाडीला — म्हणजे लावूच नयेत. वायर ताणली जाते, गंजते, लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबली तरी खाली काही पोचत नाही. ऑइलचं तसं नाही. आणि ही डिस्क बघा, आठ इंची, हात लावून बघा, जाड आहे. पातळ असली की एका उतारात दोनदा ब्रेक मारला तरी निळी पडते. आत चार पिस्टन आहेत, साध्यात दोन असतात. पॅड धातूचे. जरा कुरकुरतात, पण तापले तरी पकड सोडत नाहीत.

आणि ही काळी बारीक वायर, लिव्हरमधून निघालेली — हिच्याकडे कुणी बघतच नाही. खरी मालकीण ही आहे. लिव्हरला बोट लागलं की हिच्यामुळे मोटार बंद पडते. ही नसली तर काय होतं? माणूस ब्रेक दाबतोय आणि मोटार पुढे ओढतेय, अशी रस्सीखेच. त्यात माणूस जिंकत नाही, साहेब. मी बघितलंय. म्हणजे — ऐकलंय.

लिहा ना, लिहा, मी गप्प बसते.

ती बाहेर बाकावर बसलीय ना, हेल्मेट मांडीवर घेऊन, ती माझी मुलगी. गाडी तिचीच. सकाळपासून तशीच बसलीय, चहा प्यायला आत ये म्हटलं तर म्हणते, शिक्का बसला की येते. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते ती आणि अकराच्या आत लॅबला पोचवते. पेटीत बर्फ असतो, तो वितळायच्या आत. आत्तापर्यंत दोन बस बदलून जायची. एखाद्या म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही, दहा मिनिटं तिथेच जातात, पुढची बस चुकते, आणि लॅबवाले हिच्यावर डाफरतात. सोमवारपासून या गाडीने जाईन म्हणून सांगून आलीय त्यांना. रस्ता माहितीय तुम्हाला, पाण्याच्या टाकीपासून खाली हॉस्पिटलपर्यंत नुसता उतार, आणि उतार संपतो तिथेच सिग्नल. मी आई आहे हो तिची. तिच्या गाडीला मी वाटेल ते लावीन का?

ते? ते नेलपॉलिश आहे. हसू नका. बोल्ट घट्ट केला की बोल्टावरून खाली लोखंडावर एक रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, लगेच कळतं. कंपन्यांचा पिवळा रंग असतो त्यासाठी, मी मुलीची उरलेली बाटली वापरते. आमचे हे दुकान बघायचे तेव्हा मला चिडवायचे, बोल्टांना नटवतेस म्हणून. आता त्यांच्या डोळ्यांनी दगा दिलाय, घरी बसून असतात, पण अजून विचारतात, आज कोणाला नटवलंस.

जाड? हो, जाडच लागलीय जरा. ब्रश बसलाय त्या बाटलीचा. खरवडू नका ना साहेब. थर? थर कसले असणार, एकदा लावली, वाळली, पुन्हा एकदा लावली असेल. गुलाबी, त्याखाली लाल, त्याखाली — हो, दिसतायत. मला काय माहीत, मुलगी दर दोन महिन्यांनी रंग बदलते, हाताला लागेल ती बाटली मी — असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही काही बोलत नाही ना, त्यानेच माणसाची पाचावर धारण बसते. तुमच्या आधीचे साहेब चांगले बडबडे होते. गाडी एकदा पुढे, एकदा मागे, ब्रेक दाबून बघायचे, छान छान म्हणायचे आणि शिक्का. तुम्ही आल्यापासून दोन वाक्यं बोललात.

खरं सांगा, चित्रकलेच्या सरांनी काही सांगितलं का तुम्हाला? नाही? मग तुम्ही नेमके आजच, असे अवजारांची पेटी घेऊन — नाही सांगितलं. बरं. मग मीच का काढलं त्यांचं नाव. काही नाही हो, शाळेत चित्रकला शिकवतात, त्यांचीही गाडी मीच तयार केली, तुमच्याच ऑफिसातून पास झाली. पडले ते मध्ये. त्याच उतारावर. उजवं मनगट मोडलं. पंधरा दिवसांनी गळ्यात हात अडकवून आले इथे, आता तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसले, आणि मलाच म्हणाले, ताई, माफ करा, तुमची एवढी चांगली गाडी आपटली मी, मीच घाबरून उशिरा ब्रेक दाबला असणार, कारण पासिंगच्या दिवशी तर दोन बोटांत थांबली होती. मी म्हटलं, होतं असं, सर, सवय व्हायला वेळ लागतो. असं म्हटलं मी. त्यांना पाणी दिलं. आता फळ्यावर डाव्या हाताने काढतात म्हणे, मुलांना ओळखायला लावतात, हा घोडा आहे की स्टूल, आणि सरही हसतात त्यांच्याबरोबर.

ते जाऊ दे. तुम्ही तुमचं काम करा.

हे काय काढलंत? तार? आणि तो शिशाचा मणी — सील? ब्रेकला? हे आधी नव्हतं. नवा नियम का, बरं बरं, नियम आहे तर आहे. म्हणजे या दोन बोल्टांच्या डोक्यातून तार ओवणार, मणी दाबणार, आणि मग ब्रेक उतरवायचा तर तार कापावी लागणार. कापली की तुम्हाला कळणार. नाही, समजलं मला. चांगलंच आहे. फक्त काय आहे, आज नको लावू या. पॅड अजून बसायचेत, मला एकदोनदा उघडावे लागतील. मंगळवारी लावा. मी स्वतः गाडी घेऊन येते तुमच्या ऑफिसात, तुम्हाला इथवर यायचा त्रास नको. साहेब, ऐका ना, ती तार ठेवा बाजूला, हात जोडते, सोमवारी सकाळी मला हे ब्रेक —

मला हे ब्रेक लागणार आहेत, असं म्हणणार होते मी.

माझीच मुलगी, आणि मीच म्हणतेय, हिच्या गाडीवर ब्रेक पक्के करू नका.

थांबा. दोन मिनिटं थांबा. तार राहू दे हातात. सांगते मी, कुणाला सांगितलेलं नाही हे, आमच्या ह्यांनाही नाही. हा एकच सेट आहे माझ्याकडे. एकच, साहेब. वर ते कपाट दिसतंय ना, त्यात निळ्या डब्यात असतो. पासिंगची तारीख आली की डब्यातून निघतो, गाडीवर चढतो, शिक्का बसला की उतरतो. नळ्या, डिस्क, लिव्हर सगळ्यासकट, ऑइलही काढावं लागत नाही, तासाभराचं काम. मग त्या जागी वायरचे, छोट्या डिस्कचे. पहिल्यांदा केलं तेव्हा काही मनात नव्हतं माझ्या, शपथेवर सांगते. कंपनीचे सेट तीन-तीन महिने येत नाहीत आणि तुमच्या ऑफिसची तारीख एकदा गेली की पुन्हा चार महिने लटकायचं. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, आज हा लावून पास करून घेऊ, तुमचा सेट आला की बोलावते, तोवर हळू चालवा. सेट आला, बोलावलं, तर तो म्हणाला, गाडी बरी चालतेय की, येतो कधीतरी. आलाच नाही. तो सेट मी परत पाठवला. पुढच्याला मी बोलावलंच नाही. त्याच्या पुढच्याचा मागवलाच नाही. अशा पाच झाल्या. एकेक थर मोजा तुम्ही नेलपॉलिशचा, पाच भरतील, सहावा हिचा.

आणि ती काळी वायर — साध्या लिव्हरला ती नसतेच. मोटारीकडचं तोंड मोकळं राहतं. त्याला मी चिकटपट्टी गुंडाळते, पाणी जाऊ नये म्हणून. किती काळजी माझी. सरांनी ब्रेक दाबला होता, साहेब. वेळेवर दाबला होता. मोटार ओढत राहिली. ते स्टुलावर बसून माफी मागत होते आणि त्यांच्या गाडीची चिकटपट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी त्यांना पाणी दिलं.

हिच्या गाडीलाही तेच करणार होते मी. सोमवारी दुसऱ्या एकाची तारीख आहे, शब्द दिलाय त्याला. हिला म्हणणार होते, आठ दिवस जरा जपून चालव, बाळा. सगळ्यांना म्हणते तसंच. त्याच उतारावरून, पेटीत बर्फ, अकराची घाई. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे लिहून घ्या. सवय झाली की माणसाला आपलंच पोर गिऱ्हाईक दिसायला लागतं, दुसरं काय.

नाही, सील नका लावू. तुमचं म्हणणं कळतंय मला, सील लावलं की निदान ही तरी वाचेल. नाही वाचणार. तार कापायला माझ्याकडे पक्कड आहे, ती बघा, तिथे खिळ्याला अडकवलीय, आणि मला माझी खात्री नाही. नापास लिहा. नापास, आणि कारणही लिहा, आणि या सेटचा नंबर लिहा. त्या पाच गाड्यांचे नंबर मला पाठ आहेत, सांगते तुम्हाला, त्यांना परत बोलवा, सरांच्या गाडीपासून सुरुवात करा. आणि आजच माणूस पाठवून हा सेट उतरवून घ्या, डब्यासकट. इथे ठेवू नका.

झालं लिहून? दाखवा. हं. सही इथे? इथेही?

साहेब, ती उठली. येतेय. शिक्का बसला असं वाटतंय तिला, हेल्मेट डोक्यात घालूनच येतेय बघा — नाही, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही सांगितलंत तर ती तुमच्यावर चिडेल आणि मी सुटेन. तुम्ही निघा आता, मागच्या दाराने निघा, पायरी जपून, एक फुटलेली आहे. ये ग. हो, गेले साहेब. पासिंग झालं नाही. ते हेल्मेट काढ आधी, आणि बस इथे. या स्टुलावर बस.