आवळलेला बोल्ट

हुलसूरच्या गॅरेजात पंक्चर निघेपर्यंत मी बाकावर बसलो होतो. मल्लिकार्जुन मिस्त्री एका कारच्या बोनेटमध्ये वाकला होता. गाडीवाल्या इंदिराबाई शेजारी उभ्या होत्या.

“अक्का, चढाला इंजिन ठोकायलंय, ते ह्या सेन्सरमुळं. इंजिनचा ठोका ऐकायचं काम त्याचं. त्यानं ऐकलं की इंजिन सावरतंय.”

“मग आता ऐकू येईना व्हय त्याला?”

“बोल्ट लई आवळलाय. एवढा आवळला की ते बहिरं होतंय. कोण बसवलं हे?”

“आमच्या मालकानं. मागच्या उन्हाळ्यात.”

“मापानं आवळायचं असतंय अक्का, जोरानं न्हाई.”

“त्यांचं सगळं तसंच, अण्णा. त्यांनी नळ बंद केला की मला उघडायचा न्हाई. हाक मारावी लागायची.”

“मग मारा की हाक. येऊन बघू द्या त्यांना.”

“हिवाळ्यात गेले ते.”

“चुकलं, अक्का. नवा सेन्सर बसवतो, बोल्ट मापानं आवळतो.”

“बसवा. घरी लोणच्याची बरणी हाय, त्यांनीच झाकण लावलेली. अजून उघडली न्हाई मला.”

“घेऊन या. पान्यानं सोडवून देतो.”

“नको अण्णा. तेवढी राहू द्या घट्ट.”